बंद पडलेलं ‘नेटवर्क युटिलिटी’ नव्या ॲपमध्ये कसं येतं?

वायफायचे सगळे बार फुल, तरी व्हिडिओ गोल गोल फिरतोय. दोष कोणाचा? फोनचा, राउटरचा, की नेट देणाऱ्या कंपनीचा? हे शोधायला मॅक कम्प्युटरवर ‘नेटवर्क युटिलिटी’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर असायचं. २०२० मध्ये आलेल्या मॅकओएस बिग सरमध्ये ॲपलने ते बंद केलं आणि युजर्सना टर्मिनल वापरायला सांगितलं.

त्यात काय काय होतं?

- पिंग: समोरच्या सर्व्हरला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतं. माइक म्यूस यांनी हे १९८३ मध्ये लिहिलं. नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून घेतलंय.
- ट्रेसरूट: डेटा वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातो ते क्रमाने दाखवतं.
- लुकअप: वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी ॲड्रेस शोधतं.
- हूइज: डोमेनच्या नोंदणीची माहिती देतं.

शिवाय नेटस्टॅट, पोर्ट स्कॅन आणि फिंगर हे टॅबही होते.

मग नेमकं गेलं काय?

पिंग आणि ट्रेसरूट टर्मिनलमध्ये आजही चालतात. गेली ती फक्त बटणांची खिडकी. पण माझ्या मते खरा तोटा तोच आहे. नवख्या माणसाला टॅब बघून कळायचं की अशी तपासणी करता येते. रिकाम्या टर्मिनलमध्ये ते कसं कळणार? म्हणूनच डेव्हनटेक्नॉलॉजीज या कंपनीने मॅकसाठी ‘निओ नेटवर्क युटिलिटी’ हे मोफत ॲप आणलं.

फोनवर जसंच्या तसं का जमत नाही?

अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला फोनची सगळी नेटवर्क कनेक्शन्स वाचता येत नाहीत, त्यामुळे जुना नेटस्टॅट टॅब तसाच आणता येत नाही. आयफोनवर आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरच्या डिव्हाइसशी बोलायला ॲपला तुमची परवानगी लागते. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी हूइज सेवा देणं २८ जानेवारी २०२५ पासून सक्तीचं राहिलेलं नाही. तिची जागा आरडॅपने घेतली आहे. आणि फिंगर तर आता जवळपास कोणी वापरतच नाही. म्हणजे चांगलं नवं ॲप जुन्या खिडकीची नुसती कॉपी नसतं. काय ठेवायचं, काय बदलायचं आणि काय सोडायचं हे त्याला ठरवावं लागतं.

तुम्ही काय कराल?

पिंगची सोय असलेलं कोणतंही ॲप घ्या आणि वायफायवर असताना या क्रमाने तपासा:

१. राउटरला पिंग (पत्ता वायफाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’पुढे दिसतो). इथेच वेळ खूप वर-खाली होत असेल तर अडचण बहुधा घरच्या वायफायमध्ये आहे.
२. ८.८.८.८ ला पिंग (आकडे इंग्रजीत टाका, हा गुगलचा डीएनएस सर्व्हर आहे). राउटर ठीक आणि इथे उत्तर नाही, तर संशय कंपनीच्या लाइनवर.
३. वेबसाइटच्या नावाने पिंग. आकड्याने चालतं पण नावाचा आयपीच सापडत नाही, तर डीएनएस तपासा.

एक लक्षात ठेवा: काही राउटर आणि सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच चाचणीवर निकाल लावू नका. पोर्ट स्कॅन मात्र फक्त स्वतःच्या नेटवर्कवरच करा.

पुढच्या वेळी कस्टमर केअरला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. ‘राउटरपर्यंत ३ मिलिसेकंद, पुढे उत्तरच नाही’ असं सांगा. मग ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर तुमची बोळवण करणं त्यांना अवघड जाईल.