सी ए टी कॅट

गडहिंग्लज भागातल्या आमच्या पिढीला इंग्रजी भेटली ती पाचवीत. चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा, पुढं हिरण्यकेशीपलीकडचं हायस्कूल. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असा सूर सगळा वर्ग लावायचा. घोळक्यात आवाज खणखणीत निघायचा. पण मास्तरांनी एकट्याला उभं केलं, की तेच पोरगं दातखीळ बसल्यागत गप्प. एखादा उच्चार चुकला तर वर्ग हसायचा आणि तो शब्द टोपणनाव होऊन जन्मभर चिकटायचा.

घरची म्हणायची, पोरगं बुजरं आहे. पण तीच पोरं संकेश्वरच्या बाजारात मोडकीतोडकी कानडी बोलून मिरचीचा सौदा करायची. तिथं चुकलं तर समोरचा हसून दुरुस्त करायचा, व्यवहार काही अडायचा नाही. मग वर्गातच जीभ का अडखळायची?

याचं मूळ जुनं आहे. १८३५ साली सरकारनं इंग्रजी शिक्षणाचं धोरण घेतलं. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घ्यायचं ठरवलं. इंग्रजी म्हणजे नोकरी, हे समीकरण तिथून पक्कं झालं. कचेरीत कामाला यायची ती लेखणी. त्यामुळं शिकवणीही लेखणीचीच झाली: शब्दार्थ, व्याकरण, भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी लिहायला शिकल्या.

इंग्रज गेले, रीत राहिली. आमचे मास्तर धडा वाचायचे, अर्थ मराठीत सांगायचे. त्यांना तरी इंग्रजी बोलायला गावात कोण होतं? परीक्षा कागदावर, अभ्यास गाईडातून. तोंड उघडायची वेळ यायची ती फक्त उभं राहून परीक्षा दिल्यासारखी.

याची किंमत मोठी होती. दहावीला 'इंग्रजीत गेला' एवढं ऐकलं, की पोरगा उसाच्या फडात आणि पोरीसाठी स्थळं बघायला सुरुवात. गणितात, इतिहासात हुशार असलेली किती डोकी अशी शाळेबाहेर पडली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

२००० सालापासून राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. चार वर्षं वाढली, हे बरंच झालं. पण संकेश्वरच्या बाजारात चुकत बोलायची जी मुभा होती, ती वर्गात मिळाल्याशिवाय नुसती वर्षं वाढवून जीभ सुटत नाही.