हेल आणि मान

आयर्लंडच्या यहुदी बांधवांची हकीकत आपल्याला ओळखीची वाटेल. १८८० नंतर लिथुआनियाकडून आलेली बरीच कुटुंबे डब्लिनमध्ये क्लॅनब्रॅसिल स्ट्रीटच्या आसपास राहिली. घरात यिद्दिश, दारात गल्लीतली इंग्रजी. पैसा आला तशी काही कालव्यापलीकडे रॅथगरकडे गेली. तिथला हेल घरंदाज, गल्लीतला हलका, असे शहर मानी.

आपणही कुलाबा जिल्ह्यातून मुंबईत आलो, तेव्हा आपली बोली गावंढळ ठरली. पुष्कळांनी ती पोरांपुढे गिळली.

परंतु १९१८ साली बेलफास्टला जन्मलेले, डब्लिनमध्ये वाढलेले हाईम हर्झोग १९८३ ते १९९३ इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या इंग्रजीतला आयरिश हेल गेला नाही, मानही उणावला नाही. आपल्या नातवंडांच्या कानांवर पेण-अलिबागचा हेल पडू द्यावा, ही विनंती.