जांभळ्या कड्याची कुळकथा

परीक्षानळीत पाच मिलिलिटर लघवी घ्यायची. तळाशी थोडे खडे न विरघळता उरतील इतकं अमोनियम सल्फेट घालायचं, वर चिमूटभर सोडियम नायट्रोप्रुसाइड टाकायचं आणि नळी नीट हलवायची. मग नळी तिरकी धरून कडेकडेने लिकर अमोनिया सोडायचा. दोन थरांच्या सीमेवर पोटॅशियम परमँगनेटच्या रंगाचं जांभळं कडं उमटलं, तर लघवीत कीटोन आहेत. देशातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसच्या पहिल्या वर्षालाही हा प्रयोग ओळखीचा. प्रयोगवहीत त्याचं नाव ‘रोथेरा टेस्ट’. गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर मात्र अजूनही अनेकदा जुन्या वळणाची नोंद असते, ‘ॲसिटोन : प्रेझेंट’ किंवा ‘ॲब्सेंट’.

वजन उतरवायला कीटो डाएट धरलेला बीड शहरातला एखादा तरुण ऑनलाइन मागवलेल्या डबीतली पट्टी लघवीत बुडवतो आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघतो, तेव्हा तो हाच प्रयोग करत असतो. नळी, खडे आणि अमोनिया गेले, पण नायट्रोप्रुसाइड तेच आणि जांभळा रंगही तोच. बदलला आहे तो प्रश्न. ही परीक्षा घडली ती ‘हा रोगी धोक्यात आहे का?’ या प्रश्नासाठी. डाएट करणारा तिला विचारतो, ‘माझं जमतंय का?’ कीटोन मोजावेत की नाही आणि मोजायचे तर कसे, हा गोंधळ इथूनच सुरू होतो. म्हणून या कड्याचं घराणं एकदा बघून घ्यावं.

शरीराला पिठूळ-गोड अन्नातून साखर मिळेनाशी झाली, इन्सुलिन उतरलं, की यकृत चरबी मोडून कीटोन नावाचे तीन पदार्थ तयार करतं: ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि थोडासा ॲसिटोन. यांतला आधी ओळखीचा झाला तो सगळ्यांत किरकोळ असलेला ॲसिटोन, कारण त्याला वास होता. 1857 साली प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला. 1865 साली कार्ल गेरहार्ट यांनी फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून लाल रंग आणणारी परीक्षा दिली. तो रंग ॲसिटोॲसिटेटचा होता. पुढे ॲस्पिरिनसारखी औषधं घरोघर गेली आणि या परीक्षेची पंचाईत झाली, कारण सॅलिसिलेट घेतलेल्या माणसाच्या लघवीतही तसाच रंग येई. 1874 साली फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहाने बेशुद्धीकडे निघालेल्या रुग्णांचा तो खोल, धापेसारखा श्वास लिहून ठेवला. वॉर्डात आजही त्याला कुसमाउलचंच नाव आहे. त्या काळी हे सगळं मरणाच्या वाटेवरच्या खुणा ओळखण्यासाठी चाललं होतं. इन्सुलिन यायला अजून जवळपास अर्धशतक होतं.

नायट्रोप्रुसाइडची वाट वेगळीच. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांनी हे क्षार 1849च्या सुमारास शोधले, तेव्हा मधुमेहाशी त्यांचा काही संबंध नव्हता. (आयसीयूत भडकलेला रक्तदाब झपाट्याने उतरवायला सलाइनमधून देतात तेही हेच सोडियम नायट्रोप्रुसाइड.) 1883 साली ब्रेस्लाऊच्या एमो लेगल यांनी ते दाहक अल्कलीबरोबर लघवीत वापरलं आणि ॲसिटोनसाठी रंग मिळवला. अडचण अशी, की लघवीत एरवीही असणारं क्रिएटिनिन त्याच मिश्रणात लाल रंग देई. मेलबर्नच्या आर्थर रोथेरा यांनी 1908 साली दाहक अल्कली काढून तिच्या जागी अमोनिया आणि अमोनियमचा क्षार घेतला. क्रिएटिनिनची लुडबुड थांबली आणि परीक्षा आणखी नाजूक झाली. रोथेरा 1915 साली, ऐन उमेदीत वारले. नाव मात्र भारतातल्या प्रत्येक डीएमएलटीच्या विद्यार्थ्याच्या तोंडी राहिलं.

या घराण्यात एक मोठी उणीव पहिल्यापासून आहे. तिघांतला वजनदार पदार्थ म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. मधुमेही लघवीत तो असल्याचं ऑस्कर मिन्कोवस्की यांनी 1884 सालीच दाखवलं होतं. पण नायट्रोप्रुसाइडला तो दिसतच नाही. ते ॲसिटोॲसिटेट पकडतं आणि ॲसिटोन अगदी क्षीणपणे. निरोगी माणसात या दोन मोठ्या पदार्थांचं प्रमाण साधारण सारखं असतं. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये ते दहास एकपर्यंत न दिसणाऱ्याच्या बाजूला झुकतं. म्हणजे रोगी सर्वांत वाईट असताना कडं त्या मानाने फिकं पडू शकतं. इन्सुलिन सुरू होऊन तो सुधारू लागला, की बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचं ॲसिटोॲसिटेट होतं आणि कडं गडद होतं! जांभळा गडद म्हणजे जास्त आणि फिका म्हणजे कमी, हा हिशेब या परीक्षेला कधीच नीट जमला नाही.

1921 साली या रंगाचा अर्थ उलटला. उपास घडवला की अपस्माराचे झटके कमी होतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण मुलाला उपाशी ठेवणार किती दिवस? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं, की भरपूर चरबी आणि अगदी थोडं पिष्ट देऊन उपासाचीच अवस्था जेवता-खाता टिकवावी. कीटोजेनिक डाएट हे नाव तेव्हाचं. ज्या रंगाने आतापर्यंत डॉक्टरांच्या कपाळावर आठी आणली, तोच रंग आता मुलाच्या आईला हवासा झाला. आपल्याकडे मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी 1990च्या दशकात औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी हा आहार भारतीय स्वयंपाकात बसवला. अशा मुलाचे कीटोन नियमित मोजणं हा उपचाराचाच भाग असतो. आकडा घसरला तर जेवणाचं गणित बदलावं लागतं.

पुढची पायरी सोयीची. बेनेडिक्टचं निळं द्रावण तापवून लघवीतली साखर बघण्याच्या त्या काळात अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या एम्स कंपनीत हेलन आणि आल्फ्रेड फ्री हे जोडपं सगळी रसायनं कागदाच्या पट्टीवर बसवण्यामागे होतं. 1956 साली साखरेची क्लिनिस्टिक्स आली, 1957 साली कीटोनची कीटोस्टिक्स. प्रयोगशाळा डबीत मावली, आणि लघवी कुणी तपासायची यावरचा डॉक्टर-लॅबवाल्यांचा हक्क संपला. 1972 साली रॉबर्ट ॲटकिन्स यांनी आपल्या खपाऊ पुस्तकात वजन उतरवणाऱ्यांना ही पट्टी जांभळी करून दाखवायला सांगितलं. तिथून ती आजारी माणसाकडून निरोगी माणसाच्या बाथरूममध्ये गेली. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट थेट मोजणारं ग्लुकोमीटरसारखं यंत्र यायला 1990चं दशक सरत आलं.

या घराण्याची एक शाखा गोठ्यात वाढली. बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडे संकरित गाईंचा दुधाचा धंदा आहे. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत जास्त दुधाची गाय आंबोण सोडते, कडबा मात्र थोडाफार चघळते, दूध उतरतं आणि तोंडाला गोडसर वास येतो. दुधातून साखर जाते तितकी खाण्यातून भरून येत नाही, म्हणून ती आपली चरबी जाळते. हा जनावरांचा किटोसिस. जनावरांचे डॉक्टर नायट्रोप्रुसाइडच्या कोरड्या भुकटीवर गाईची लघवी किंवा दूध टाकून रंग बघतात. शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. नुसता गूळ चारून भागत नाही, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तो बराचसा आंबून जातो, साखर म्हणून रक्तात पोचत नाही. माणसांसाठी बनवलेलं रक्ताचं यंत्र आता गाईंसाठीही वापरतात. गाईच्या रक्तात बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट लिटरमागे 1.2 ते 1.4 मिलिमोलच्या पुढे गेलं की लपलेल्या किटोसिसचा संशय घेतात.

कीटो डाएटवाल्यांच्या कोष्टकात 0.5 ते 3 मिलिमोल हा पट्टा यशाचा मानतात. म्हणजे 1.4 हा आकडा आष्टीच्या गोठ्यात दुखण्याचा आणि बीडच्या फ्लॅटमध्ये अभिनंदनाचा. आकड्यात फरक नाही. फरक आहे तो कुणाच्या अंगात, कशामुळे आणि सोबत काय चाललंय यात. गाईला ती अवस्था नको असताना लादली गेली. डाएट करणाऱ्याने ती मुद्दाम ओढवून घेतली आणि त्याच्या स्वादुपिंडात तिला लगाम घालायला इन्सुलिन आहे. टाइप-1 मधुमेहीकडे तो लगाम नाही, म्हणून त्याचा आकडा 3 ओलांडून पुढे धावू शकतो आणि रक्त आम्ल होतं.

आता डाएटवाल्याकडे येऊ. त्याची दिवसाची पिष्टाची मर्यादा साधारण 20 ते 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम पिष्ट असतं. तव्यावरची एक बेताची भाकरी म्हणजे दिवसाचा बहुतेक कोटा. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, ज्याला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यालाही कीटोच्या ताटात जागा नाही. एकादशीचा उपास करणाऱ्याला वाटेल, माझे कीटोन तर चढलेच असतील. निर्जळी उपासाला ते खरंही असेल. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस असला, तर एकादशी आणि दुप्पट खाशी, यकृताला चरबीकडे वळायचं कारणच उरत नाही. अशा माणसाने पट्टी बुडवली तर ती खरं सांगेल. पण ताटाकडे बघूनही तेच कळलं असतं.

पट्टी सर्वांत कामाची असते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. जेवणात लपलेलं पिष्ट कुठून येतंय, चटणीतल्या गुळातून की चहातून, हे शोधायला ती मदत करते. पुढे शरीर कीटोन वापरायला सरावतं, लघवीत ते कमी सांडतं आणि पट्टी फिकी पडते. लोक घाबरतात, चतकोर भाकरीसुद्धा सोडतात, काहीजण पाणी कमी पितात म्हणजे रंग गडद येईल. खरं तर पाणी जास्त प्यायल्यानेही रंग फिका होतो. 2016 साली फ्रायबुर्गमध्येच, म्हणजे कुसमाउलच्या गावी, बारा निरोगी माणसांना सहा आठवडे कीटो आहार देऊन दिवसभर लघवी तपासली. पहाटे आणि रात्रीच्या जेवणानंतर कीटोन जास्त खात्रीने सापडले. म्हणून मोजायचंच तर वेळ एकच ठेवावी, नाहीतर सकाळची तुलना दुपारशी होते. डबीचं झाकण घट्ट लावावं. दमट हवा लागलेली पट्टी कीटोन असूनही रंग देत नाही. उलट कॅप्टोप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी कीटोन नसताना रंग आणू शकते. रंग कितव्या सेकंदाला बघायचा ते डबीवर लिहिलेलं असतं. उशीर झाला तर वाचन चुकतं. श्वासातला ॲसिटोन मोजणारी छोटी यंत्रंही मिळतात, पण त्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नये. रक्ताचं यंत्र सर्वांत नेमकं, पण त्याची प्रत्येक पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा बरीच महाग आणि बोट टोचावं लागतं ते वेगळंच.

महाराष्ट्रात आहाराबरोबर लॅबचे आकडे बघायची सवय आता नवी नाही. शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा दोन वेळा जेवायचा विचार गावोगाव नेला, तेव्हा फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीए1सी हे शब्द ओट्यावरच्या गप्पांत आले. त्यांतल्या एचबीए1सीची एक सोय आहे: तो महिन्यांचा कल सांगतो. कीटोनचा आकडा तासागणिक हलतो आणि वजन उतरलं की नाही हेही सांगत नाही. यकृताने चरबी मोडली एवढंच तो सांगतो. ती चरबी पोटावरची होती की सकाळी खाल्लेल्या लोण्याची, हे त्याला कळत नाही.

काही जणांसाठी मात्र हा खेळ नाही. टाइप-1 मधुमेही, गरोदर बाई आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणारे मधुमेही. या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात. 2020 साली डॅपाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि तालुक्याच्या मेडिकलवरही दिसू लागली. या गोळ्यांवर असताना पिष्ट एकदम तोडलं, तर रक्तातली साखर फारशी न चढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2015 साली तसा इशारा दिला. ग्लुकोमीटर साखर बेताची दाखवत राहतो आणि घरचे निश्चिंत राहतात. अशा माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय कीटो धरूच नये. उलटी, पोटदुखी, धाप सुरू झाली तर लघवीच्या पट्टीचा रंग बघत न बसता रक्तातले कीटोन मोजता येतील अशा दवाखान्यात जावं.

बाकी निरोगी माणसाने डबी मागवण्याआधी कागदावर दोन ओळी लिहाव्यात: पट्टी गडद आली तर मी उद्या काय बदलेन, आणि फिकी आली तर काय बदलेन. दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर पैसे वाचवावेत; त्या पैशांत अंडी येतील. वेगळ्या आल्या तर पट्टी दोन-तीन आठवडे वापरावी, ठरलेल्या वेळी, आणि डबी संपली की पुन्हा मागवू नये. रोथेरांनी ही परीक्षा नाजूक केली ती डॉक्टरला पुढचं पाऊल ठरवता यावं म्हणून. जे मोजून पुढचं पाऊल बदलत नाही, ते घरी मोजण्याचं कारण नाही.