नगर प्रांतांतील स्त्री-वैद्यकीचा आरंभ

अहमदनगरचें नांव निघालें कीं निजामशाही, चांदबिबी, मलिक अंबर आणि भुईकोट किल्ला हींच आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. तेंही एका राज्यकर्त्या स्त्रीचेंच आहे. परंतु राज्यें आणि लढाया यांचा इतिहास लिहिणें तुलनेनें सोपें असतें, कारण त्यांचे कागद दप्तरांत राहतात. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलींत काय घडलें याचें दप्तर कोणी ठेवीत नाहीं. तरीही त्या खोलीचें दार आधुनिक वैद्यकीला ज्या स्त्रियांनीं उघडून दिलें, त्यांच्या इतिहासाचे दोन धागे याच जिल्ह्यांतून निघतात. एक संगमनेरहून आणि दुसरा खुद्द नगर शहरांतून. ते एकत्र ठेवून पाहिले म्हणजे दोहोंचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

प्रथम काळाची कल्पना घेतली पाहिजे. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांस अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळाली ती १८४९ सालीं, आणि फिलाडेल्फियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें १८५० सालीं. म्हणजे आमच्याकडे ही कल्पना आली तेव्हां पाश्चात्य देशांतही ती कोंवळीच होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत स्त्रियांस प्रवेश मिळूं लागला १८८३ सालीं; लेडी डफरिन यांचा फंड निघाला १८८५ सालीं; कामा हॉस्पिटल उघडलें १८८६ सालीं. पुरुष डॉक्टरापुढें नाडी दाखविण्यासही कुलीन स्त्री लाजत असे आणि घरचीं माणसेंही तयार नसत. त्यामुळें सुईणीच्या हातून प्रकरण सुटलें कीं पुढें उपाय उरत नसे. स्त्री-डॉक्टर ही तेव्हां हौसेची गोष्ट नव्हती. तिच्यावांचून जीव जात होते.

पहिला धागा गोपाळराव जोशी यांचा. हे मूळचे संगमनेरचे. पोष्टांतील नोकरीमुळें कल्याण, अलिबाग, कोल्हापूर अशा बदल्या होत होत बंगाल्यांत श्रीरामपुरास पोंचले. १८७४ सालीं, बिजवर असतां, त्यांनीं नऊ वर्षांच्या यमुनेशीं विवाह केला, तीच आनंदीबाई. मुलीला शिकवावयाचें हा त्यांचा ध्यास होता, आणि तो त्यांनीं मारहाणीपर्यंत नेला. आनंदीबाईंनीं अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या पत्रांत याचा उल्लेख स्वतःच केला आहे. तेव्हां गोपाळरावांस केवळ उदार सुधारक म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. आणि त्यांस केवळ जुलमी नवरा म्हटलें तर ही स्त्री अमेरिकेपर्यंत गेली कशी, याचा उलगडा होणार नाहीं. ज्याच्या हट्टानें दार उघडलें त्याच्याच हातानें चटकेही दिले, हें इतिहासानें दोन्ही बाजूंनीं नोंदविलें पाहिजे.

आनंदीबाईंचा स्वतःचा निश्चय मात्र पतीच्या हट्टाहून निराळ्या ठिकाणीं जन्मला. वयाच्या चवदाव्या वर्षाच्या आंत त्यांस मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तो वांचता, ही जाणीव त्यांच्या मनांत रुतून बसली. १८७८ सालीं गोपाळरावांनीं कोल्हापुराहून वाइल्डर या मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील मिशनच्या मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सीतील मिसेस कार्पेंटर यांच्या दृष्टीस पडलें आणि त्यांनीं साह्याचा हात पुढें केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजांत आनंदीबाईंनीं जाहीर व्याख्यान दिलें. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं त्यांत निक्षून सांगितलें. त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्या पतीवांचून जहाजावर चढल्या. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस फिलाडेल्फियास एम. डी. पदवी मिळाली; प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती. परंतु क्षयानें पोखरलेला देह घेऊन त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, निवर्तल्या. त्या जागेवर त्या एक दिवसही बसूं शकल्या नाहींत.

दुसरा धागा नगर शहराचा. येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालीं पडलें. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा येथेंच चालत असे; ती पाहून जोतीराव फुले यांस पुण्यास मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हें प्रसिद्धच आहे. याच मिशनच्या बिसेल कुटुंबांतील डॉ. ज्युलिया बिसेल या गेल्या शतकापूर्वीच्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नगरांत स्त्रिया व मुलें यांस औषधोपचार करूं लागल्या. त्यांच्यामागून हें काम डॉ. रूथ ह्यूम यांनीं चालविलें. त्यांचे वडील रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म मुंबईचा, आणि दुष्काळांतील कामाबद्दल त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें होतें. या बायांस परक्या म्हणावें तर त्या ज्या घरांत वाढल्या तीं घरें नगरशीं बांधलेलीं होतीं, आणि आपल्या म्हणावें तर त्यांचा हेतु उघडपणें धर्मप्रसाराशीं जोडलेला होता. हा पेंच टाळतां येत नाहीं. औषध घेणाऱ्या स्त्रीला धर्म बदलावयाचा नसे. तिला दुखणें बरें व्हावयास हवें असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं हा कोरडा जिल्हा होरपळून निघाला होता. अशा वेळीं स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर शहरांत असणें याचें मोल निराळें सांगावयास नको.

याच मिशनच्या मुंबई शाखेंत डॉ. गुरुबाई करमरकर यांनीं काम केलें. यांनींही फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयांतून, आनंदीबाईंनंतर सहा वर्षांनीं, म्हणजे १८९२ सालीं पदवी घेतली. आनंदीबाईंस जें नशिबांनें दिलें नाहीं, तें दीर्घ सेवेचें आयुष्य यांस मिळालें. परंतु आज त्यांचें नांव किती घरांत निघतें? नगरचें मिशनचें इस्पितळ १९३९ सालीं साल्वेशन आर्मीकडे गेलें आणि तें बूथ हॉस्पिटल या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. बिसेल आणि ह्यूम हीं नांवें मात्र लोकांच्या तोंडीं राहिलीं नाहींत.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आनंदीबाईंनीं एकाही रोग्यास स्वतंत्रपणें औषध दिलें नाहीं, तरी त्यांचें नांव अमर झालें. बिसेल, ह्यूम, करमरकर यांनीं वर्षानुवर्षें रोगी तपासले, तरी त्या विस्मृतींत गेल्या. हा अन्याय आहे काय? कांहीं अंशीं आहे. परंतु आनंदीबाईंच्या कीर्तीचें कारणही खोटें नाहीं. मराठी स्त्री डॉक्टर होऊं शकते, हें एकदां सिद्ध व्हावयाचें होतें. तें त्यांनीं आपल्या प्राणांच्या मोलानें सिद्ध केलें. मात्र सिद्ध झालेली गोष्ट चालू राहण्यास इमारत लागते, खाटा लागतात, पगार लागतो, आणि एकीच्या मागून दुसरी उभी राहील अशी व्यवस्था लागते. संगमनेरच्या गृहस्थाच्या हट्टाजवळ हें कांहींच नव्हतें. नगरच्या मिशनजवळ तें होतें. जिद्द एकट्या घराच्या अंगणांत किती दिवस तग धरणार?

म्हणून आमच्या मुलींस आनंदीबाईंचें चरित्र अवश्य सांगावें. पण तें त्यांच्या मृत्यूपाशीं संपवूं नये. त्याच्या पुढचें प्रकरण नगरच्या इस्पितळाच्या खाटांपाशीं आहे. तें कोणा एकीचें नाहीं, म्हणूनच तें अधिक काळ टिकलें.