ज्याने तो बिल्ला वाचला…

जानेवारी २०२५. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी अंडी घालायला वर आली. पुढच्या पायाला धातूचा बिल्ला. तो २०२१ साली ओडिशात लावलेला निघाला! म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची ही माहेरवाशीण, बहुधा श्रीलंकेला वळसा घालून, कोकणात बाळंतपणाला आली.

बातमी आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली. पण तो बिल्ला बघायला किनाऱ्यावर माणूस होता, तो कुठून आला? त्यामागे वीसेक वर्षांचा इतिहास आहे.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'चे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले. वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं पडलेली. गावाला त्यात नवल नव्हतं. कासवं यायची, अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. वेळास तोवर ओळखलं जायचं ते नाना फडणवीसांचं गाव म्हणून.

कायदा १९७२ पासून होताच, पण रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा कोण बघतो? संस्थेने गावातल्याच माणसांना सोबत घेतलं. वाळूवरचा माग ओळखायची नजर त्यांच्याचकडे होती ना!

काम सांगायला सोपं. पहाटे किनारा चालायचा, माग दिसला की घरटं शोधायचं, शंभरेक अंडी न हलवता टोपलीतून आणायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. वर पाटी: तारीख, अंडी किती. साधारण ५०-५५ दिवसांनी पिल्लं वर येतात, ती मोजून समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, चार पैसे गावात आले. वनखातंही उतरलं. वेळासचा धडा इतर किनाऱ्यांनी गिरवला.

आता महत्त्वाचं. ती पाटी आणि ती वही हेच संशोधन आहे. कासवाचं पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. उन्हाळा बदलतोय, हंगाम सरकतोय का, हे वर्षानुवर्षांच्या तारखांवरूनच कळणार. जानेवारी २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी वेळासच्या 'प्रथमा'ला सॅटेलाइट टॅग लावला, तोही कासवमित्रांनी राखलेल्या किनाऱ्यावरच.

माझ्या ओळखीचे एक कासवमित्र आता साठीला आलेत. गुडघे कुरकुरतात. "मुलगा विरारला. माझ्यानंतर कोण चालणार?" असं परवा म्हणाले. त्यांच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत. एकीला वाळवी लागलेली मी स्वतः पाहिली.

म्हणून किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना विनंती. पुढच्या ग्रामसभेत दोन विषय घ्या. एक, जुन्या वह्यांचे फोटो काढून प्रत शाळेत ठेवा. दोन, प्रत्येक वाडीतून एक तरुण या हंगामापासून जुन्या माणसाबरोबर चालायला द्या. माग ओळखायला पुस्तकातून शिकता येत नाही.

कासव पुन्हा येईल. बिल्ला वाचायला आपण असू ना?