मधली काच

आमच्या दुकानात बाबांचा एक नियम होता. काच कापली की तिचं माप आणि ती कशासाठी कापली, हे वहीत एका ओळीत लिहायचं. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. गजानन महाराजांच्या तसबिरी, खिडक्यांची तावदानं, किराणा दुकानांच्या शोकेसच्या फळ्या, लग्नाचे फोटो, सगळ्यांची मापं त्यांत सापडतात. एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय, 'साडेअकरा बाय साडेचौदा, पिनहेड, मासोळ्यांची मधली काच.' नऊ दिवसांनी तीच ओळ पुन्हा आहे, फक्त 'पिनहेड'च्या जागी 'साधी' लिहिलंय. दोन्ही वेळी गिऱ्हाईक मीच होतो. या दोन ओळींच्या मधल्या दिवसांत माझी एक मादी मेली.

नेर हे अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. जुनी माणसं नेर परसोपंत म्हणतात. भोवती कापूस आणि तूर. मासोळी इथे ताटात दिसायची, नाहीतर तलावात. शोभेची मासोळी काचेमागून आली, आणि काच आमच्या दुकानात होती, म्हणून तिची गोष्ट मला ठाऊक आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. बाबा मुंबईला गेले तेव्हा ते पाहून आले, आणि मासोळ्यांपेक्षा तिथल्या काचेच्या जाडीबद्दलच जास्त बोलायचे. आमच्याकडच्या पहिल्या टाक्या वेल्डरकडून अँगलची चौकट करून घेत. काच आतून बसवायची, सांध्यात खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली पुट्टी भरायची. पाणी भरलं की त्याच्या दाबाने काच पुट्टीवर घट्ट बसे. पाणी काढून टाकी महिनाभर कोरडी ठेवली की पुट्टी तडकलीच म्हणून समजा. दवाखान्यात, सराफाच्या पेढीवर अशा टाक्या असायच्या आणि त्यांत दोन गोल्डफिश. मग सिलिकॉनच्या नळ्या आल्या, चौकट गेली, आणि नुसत्या काचांची टाकी आम्हीच चिकटवू लागलो. दोन फुटी, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. खपायची तीच. माझं पहिल्यापासून म्हणणं होतं की ती लहान आहे, आणि आजही तेच आहे.

गोल्डफिशनंतर एंजल आले. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतली ही मासोळी जर्मनीत 1909 मध्ये जिवंत पोचली, आणि तिथून काचेच्या टाकीत वाढत वाढत जगभर गेली. अमरावतीहून एसटीने, प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून, मांडीवर ठेवून ती नेरला यायची. आपल्या काळ्या मातीखालच्या विहिरींचं पाणी जड. एंजल त्यात जगायचे, पण अंडी पांढरी पडायची. ते पाणी मानवलं झेब्राला. दुकानदार झेब्रा म्हणतात ती मध्य अमेरिकेतली मासोळी. अंगावर आठ-नऊ काळे पट्टे, म्हणून इंग्रजीत तिचं नाव कैद्यावरून पडलं, कॉन्व्हिक्ट. 1867 मध्ये गुंथर यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. एंजल, ऑस्कर, झेब्रा, सगळे सिक्लिड या एकाच कुळातले.

माझ्या तीन फुटी टाकीत सहा झेब्रा होते. त्यांतल्या चौघांच्या दोन जोड्या जमल्या आणि उरलेले दोघे आठवड्यात मेले. जोडी जमली की टाकीचा रंगच पालटतो. मादीच्या पोटावर केशरी झाक चढते. दोघं मिळून एखादा दगड तोंडाने घासून लख्ख करतात. मी फुटक्या माठाचे तुकडे टाकले होते, एका जोडीने त्यातला एक धरला. तुकड्याच्या आतल्या बाजूला अंडी, मादी त्यांच्यावर परांनी पाणी घालत उभी, नर दारात. टाकीतलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असलं की तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. तेवढे दिवस त्या दारासमोरून कोणी जायचं नाही.

दोन जोड्यांचं भांडण मी अगदी जवळून, काचेला नाक लावून पाहिलं आहे. आधी धमकी. गालांवरची झाकणं बाहेर फुगवून दोघे नर समोरासमोर येतात, अंगावरचे पट्टे काळेभोर होतात. मग आडवे होऊन एकमेकांवर शेपटीने पाण्याचा मारा करतात. त्यानेही कोणी हटलं नाही तर तोंडात तोंड अडकवतात आणि ढकलतात. ओठांची साल निघते, पण सुटत नाहीत. मोकळ्या पाण्यात हरलेला पळून जातो. तीन फुटांच्या टाकीत पळून जाणार कुठे? कोपऱ्यात, हिटरमागे, आणि तिथे त्याला पुन्हा मार. टाकीतल्या मासोळ्या मरतात त्या भांडणाने कमी, पळायला जागा नसल्याने जास्त.

मी विचार केला, एकमेकांना दिसलेच नाहीत तर भांडतील कशाला? न्हाणीघराच्या खिडकीतून उरलेला पिनहेड काचेचा तुकडा होता. पलीकडे उजेड दिसतो, माणूस दिसत नाही, अशी ती दाणेदार काच. ती टाकीच्या मधोमध उभी केली. दोन दिवस शांतता होती. मला वाटलं जमलं. तिसऱ्या दिवसापासून डावीकडचा नर आपल्याच मादीच्या मागे लागला. उजवीकडे त्याहून वाईट. मादीची शेपटी कुरतडली गेली, मग खवले गेले, आणि नवव्या दिवशी सकाळी ती पंपाच्या नळीमागे मेलेली सापडली.

आई तेव्हा दुपारी जेवण झाल्यावर टाकीपुढे बसायची. ती म्हणाली, "बाहेर भांडाले कोनी दिसत नाही, मंग घरच्या बाईवर धावते थो." मी त्याच दिवशी दुपारी साधी काच कापली. ती उभी करून हात बाहेर काढेपर्यंत डावीकडचा नर काचेशी जाऊन उभा होता, गाल फुगवून. पलीकडचा एकटा नर तसाच. तासभर दोघांनी काचेला धडका दिल्या. संध्याकाळी डावीकडची मादी माठाच्या तुकड्यातून बाहेर आली आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन तीही काचेकडे तोंड करून उभी राहिली. पंधरा दिवसांत त्या जोडीची पिल्लं पोहत होती.

पुढे एकदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर फोटोला चौकट करायला आले. त्यांना टाकी दाखवली, पिनहेडची हकिगत सांगितली. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जे केलं ते कोनराड लोरेन्झ यांनी पुस्तकात लिहून ठेवलंय." पुढच्या खेपेला त्यांनी तो भाग मराठीत समजावून सांगितला. लोरेन्झ ऑस्ट्रियाचे. पशुपक्ष्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी 1973 चं नोबेल त्यांना टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळालं. आक्रमकतेवरचं त्यांचं जर्मन पुस्तक 1963 चं. त्यात शिंपल्यासारखी चमक असलेल्या जिओफॅगस नावाच्या सिक्लिडची गोष्ट आहे. एकाच टाकीत काचेच्या दोन बाजूंना दोन जोड्या. काचेवर शेवाळ वाढून पलीकडचं दिसेनासं झालं की नर स्वतःच्या मादीशी उद्धट वागू लागायचा. काच पुसली की दोन्ही नर एकमेकांवर धावायचे आणि दोन्ही घरांत शांतता व्हायची.

या अभ्यासाला त्याआधीचाही इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले नोबल आणि कर्टिस यांनी 1939 मध्ये ज्वेल फिश या आफ्रिकी सिक्लिडच्या वागण्यावर लिहिलं. 1950 मध्ये हॉलंडच्या बेरेंड्स पतिपत्नींनी सिक्लिडच्या हालचालींची जवळजवळ बाराखडीच मांडली. गाल फुगवणं, शेपटीचा मारा, तोंडात तोंड, हे सगळं त्यात आहे. लोरेन्झ यांनी मासोळ्यांवरून माणसांबद्दल जे अनुमान काढलं त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि मला ते पटत नाही. बाईवर हात उचलणाऱ्या माणसाला मासोळीचं कारण देता येणार नाही. पण मासोळ्यांपुरतं त्यांचं निरीक्षण खरं आहे. आमच्या वहीतल्या दोन ओळींनी मला ते शिकवलं होतं.

सिक्लिड परदेशीच, असं नेरमध्ये सगळे समजतात. तसं नाही. भारताचे स्वतःचे तीन सिक्लिड आहेत, तिन्ही दक्षिणेकडचे. गोव्यात आणि कोकणात कालुंदर म्हणतात तो त्यांतला मोठा, केरळात करीमीन. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1790 मध्ये त्याला सुरतेच्या नावावरून नाव दिलं. दुसरा लहान, पिवळा-केशरी. दोघांतही आई-बाप मिळून पिल्लं सांभाळतात. त्यांचे सगळ्यात जवळचे नातलग थेट मादागास्करात आहेत. खाडीकाठचे लोक कालुंदर तळून खातात. त्या जोडीने किती निगुतीने अंडी राखलेली असतात, हे ताटात कळत नाही.

आणि एक सिक्लिड नेरच्या भोवती रोज आहे. टिलापिया. कुठे तिलापी, तर कुठे चिलापी. तो 1952 मध्ये श्रीलंकेहून तामिळनाडूत मंडपमला आणला, आफ्रिकेतली मूळ जात. तो लवकर वितो, गर्दी करतो, मग सगळेच बारके राहतात. 1959 मध्ये त्याचा प्रसार थांबवायचं सरकारी पातळीवर ठरलं, पण तोवर तो पाण्यात पसरला होता. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर जे पाझर तलाव झाले, तिथेही तो पोचला. एप्रिलमध्ये पाणी उतरलं की काठाच्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे उघडे पडतात, एकाला एक लागून. एका म्हाताऱ्या भोयाने मला ते दाखवले. "हे नराचे आळे," तो म्हणाला, "दुसऱ्याले आत येऊ देत नाही." झाडाच्या बुडाशी करतो ते आळं. इतका नेमका शब्द मला पुस्तकात सापडला नसता. नर आळं राखतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जवळजवळ काही खात नाही. तलावात हरलेल्या नराला पुढे सरकून दुसरं आळं करता येतं.

भारनियमनाची वर्षं मात्र टाकीवाल्यांना फार जड गेली. बारा-बारा तास वीज नसे, पंप बंद. मी मग्याने पाणी उंचावरून ओतत बसायचो. आई-बापाने पिल्लं खाल्लेली मी त्या दिवसांत पाहिली. अंधाराचा एक उपयोगही तेव्हा कळला. टाकीवर काळं कापड टाकून रात्रीत सगळे दगड हलवले की सकाळी कोणाचीच हद्द उरत नाही, सगळे पुन्हा पहिल्यापासून जागा शोधतात, आणि नव्या मासोळीला मार कमी बसतो.

मग फ्लॉवरहॉर्न आला. मलेशियात 1990 च्या दशकात संकर करून काढलेला, कपाळावर टेंगूळ. फेंगशुईच्या नावाने विकला गेला. दोन फुटी टाकीत एकटा ठेवतात आणि त्याने फुगावं म्हणून आरसा दाखवतात. माझ्याकडे त्यासाठी आरशाचे तुकडे मागायला लोक यायचे. दिवसभर आरसा लावून ठेवू नका, असं प्रत्येकाला सांगून मगच मी तुकडा दिला.

माझ्या टाकीला आता पश्चिमेच्या खिडकीचं ऊन लागतं. मधल्या काचेवर दर आठवड्याला हिरवा थर येतो, आणि तो मी जुन्या ब्लेडने खरवडतो. परवा शाळेतला एक मुलगा आला. चार फुटी टाकी, झेब्राच्या दोन जोड्या, मधे घालायला काच हवी. चिठ्ठीवर माप बरोबर आणलं होतं. म्हणाला, "काका, पिनहेड द्या, स्वस्त पडते." मी साधी कापली, पैसे पिनहेडचे घेतले, चारही कडा घासून दिल्या आणि वहीत ओळ लिहिली.