शिकेकाई, शांपू आणि सुट्टी



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने केसांच्या निगेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु केस धुण्याच्या इतिहासात श्रमाचा आणि वेळेचा प्रश्न दडलेला आहे. तोच मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

'शांपू' हा शब्द मूळचा आपल्याच देशातला. हिंदीतील 'चांपना', म्हणजे अंग दाबणे, यावरून तो झाला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटन येथे वाफेची स्नानगृहे काढून हे अंगमर्दन साहेबांच्या गळी उतरविले. पुढे तेथे त्या शब्दाचा अर्थ केस धुणे असा झाला. बर्लिनच्या हान्स श्वार्झकॉफ यांनी १९०३ साली केस धुण्याची भुकटी विकावयास काढली. आपला शब्द असा परदेशी माल होऊन आपल्याकडे परतला.

आपल्या घरी त्याआधी काय होते? सह्याद्रीच्या रानातील काटेरी वेलीच्या शेंगा, म्हणजे शिकेकाई, रिठे, जोडीला आवळकाठी आणि नागरमोथा. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात फेसाळते आणि तेलमळ सोडविते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाईचे तसे होत नाही. रिठ्याच्या पाण्याने तर सोनार दागिने उजळतात. ही भाबडी समजूत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

मग ही रीत मागे का पडली? केवळ जाहिरातींमुळे, हे उत्तर अपुरे आहे. शिकेकाई रात्री भिजवावयाची, सकाळी उकळावयाची, गाळावयाची. पाणी शेंदावयाचे, बंब पेटवावयाचा. हे सारे घरातील बाईने करावयाचे, तेही विनामोबदला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण सुट्टीच्या दिवशी कामगाराच्या न्हाण्याची तयारी करणाऱ्या बाईला रविवार कोठला?

१९८३ साली तमिळनाडूतील कडलूरहून सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शांपूची पुडी बाजारात आणली. अशा पुड्या खेडोपाडी पोचल्या, कारण त्यांनी थोड्या पैशांत वेळ वाचविला. पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी बाई पहाटेच फडात उतरते. कोपीत ना बंब, ना पुरेसे पाणी, ना उसंत. तिने पुडी फाडली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आज शांपू सोडावा असे अनेकांना वाटते. अवश्य सोडावा; ओढ्यानाल्यांत साठणाऱ्या पुड्याही त्याने कमी होतील. मात्र शेंगा उकळण्याचे काम पुरुषांनीही करावे, रानात त्या वेचणाऱ्यांना योग्य भाव द्यावा, आणि हातावर पोट असणाऱ्या बाईसाठी पाणी व पगारी सुट्टी मागताना आपण तिच्या बाजूला उभे राहावे. एवढे केले, तर शिकेकाई हौसेपुरती न राहता पुन्हा सर्वांच्या घरी येईल.